केंद्रीय लॉगिन प्रमाणीकरण

संस्थेतील सर्व संगणकांवर एकाच वापरकर्तानावाने व पासवर्डने प्रवेश करता यावा, यासाठी सर्व खाती मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवण्याच्या व्यवस्थेस केंद्रीय लॉगिन प्रमाणीकरण असे म्हणतात. विंडोज, लिनक्स व मॅकओएस या कार्यप्रणाली एकत्र वापरणाऱ्या कार्यालयांत ती विशेष उपयुक्त ठरते.

गरज

प्रत्येक संगणकावर स्वतंत्र खाते असल्यास नोकरी सोडून गेलेल्या व्यक्तीचे एखादे खाते नजरचुकीने चालू राहते व माहिती असुरक्षित होते. मध्यवर्ती व्यवस्थेत एकच नोंद बंद करावी लागते.

घटक

* एलडॅप : वापरकर्ते व गट यांची नोंदवही वाचण्याचा नियमसंच. तो १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात विकसित झाला.
* कर्बेरॉस : ओळख पटवण्याची पद्धत. एमआयटीच्या अथेना प्रकल्पात १९८० च्या दशकात ती तयार झाली. हिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता ठरावीक मुदतीचे कूटबद्ध ‘तिकीट’ दिले जाते.
* अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी : वरील दोन्हींचा मेळ घालणारी मायक्रोसॉफ्टची सेवा. ती विंडोज २००० सर्व्हरसोबत आली.

भिन्न प्रणालींची जोडणी

विंडोज संगणक थेट डोमेनमध्ये सामील होतो. लिनक्सवर हे काम पॅम व एसएसएसडी हे घटक करतात. लिनक्स वापरकर्त्याला एका क्रमांकाने ओळखते, तर विंडोजची ओळखखूण निराळी असते. म्हणून दोहोंची सांगड सर्व संगणकांवर सारखीच असावी लागते; अन्यथा एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसू शकतात. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४.० या मुक्त सॉफ्टवेअरमुळे लिनक्स सर्व्हरही अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन नियंत्रक होऊ शकतो.

महाराष्ट्रातील उदाहरण

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अशा मध्यवर्ती खात्याचा वापर होतो. तेथील विद्यार्थी त्यास ‘एलडॅप आयडी’ या नावानेच ओळखतात.

मर्यादा व दक्षता

मध्यवर्ती सर्व्हर बंद पडल्यास सर्वांचेच काम अडू शकते. त्यामुळे किमान दोन सर्व्हर ठेवणे इष्ट असते. कर्बेरॉसमध्ये संगणकांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक चालत नाही. साध्या एलडॅप जोडणीत पासवर्ड उघड जाऊ शकतो, म्हणून टीएलएस कूटबद्धीकरण आवश्यक ठरते. नेटवर्कबाहेरील लॅपटॉपवर साठवलेल्या जुन्या ओळखीने, खाते बंद केल्यानंतरही काही काळ प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे असे लॅपटॉप परत घेणे हाही सुरक्षेचा भाग आहे.