वर्गणीदारांची नभोवाणी

'वर्गणी' हा शब्द मराठी समाजाच्या हाडीमाशी मुरलेला आहे. गावचे वाचनालय, शाळेची नवी इमारत, सार्वजनिक उत्सव आणि आपल्या हाती पडणारी अनेक नियतकालिके ही वर्गणीच्या आधारावरच उभी राहिली. मात्र बहुतेक वर्गणीमागे एक साधा व्यवहार असतो. वाचनालयाची वर्गणी थकली की पुस्तक मिळत नाही. मासिकाची थकली की अंक येणे थांबते. नभोवाणीचे तसे नाही. तिच्या लहरी एकदा आकाशात सोडल्या की ज्याने पैसे भरले त्याच्या घरात त्या जातात, आणि ज्याने भरले नाहीत त्याच्या घरातही तितक्याच मोकळेपणाने जातात. मग नभोवाणीचा खर्च कोणी सोसावा? विसाव्या शतकात या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतील एक उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्कली या विद्यापीठनगरीत शोधले गेले. त्याचा इतिहास आपण मुळातून पाहण्यासारखा आहे.

परवाना आणि जाहिरात

आरंभ आपल्या मुंबईपासून करू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. रेडिओ ऐकणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरून सरकारी परवाना घ्यावा आणि त्यातील मोठा वाटा कंपनीला मिळावा, अशी व्यवस्था होती. पण रेडिओ संच महाग होते आणि परवाने काही हजारांच्या पुढे गेले नाहीत. अवघ्या तीन वर्षांत, १९३० मध्ये, कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि प्रसारण सरकारने आपल्या हाती घेतले. भारतात नभोवाणी म्हणजे सरकारी नभोवाणी हे समीकरण पुढे अनेक दशके टिकले. त्याची मुळे अशी त्या फसलेल्या हिशेबात आहेत.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केंद्राने पैसे घेऊन जाहिरात प्रसारित केली, आणि काही वर्षांतच जाहिरातदार हाच तेथील नभोवाणीचा अन्नदाता झाला. श्रोत्याला काहीच द्यावे लागत नव्हते. परंतु अन्नदात्याची मर्जी सांभाळावी लागते, हा जगाचा नियम नभोवाणीलाही चुकला नाही. काय ऐकवायचे आणि काय ऐकवायचे नाही, हे साबण आणि सिगारेट विकणाऱ्यांच्या सोयीने ठरू लागले.

लुइस हिल यांचा विचार

या दोन्ही वाटा नाकारणारा मनुष्य म्हणजे लुइस हिल. त्यांचा जन्म १९१९ मध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला. अशा तरुणांसाठी त्या काळी नागरी सेवेच्या छावण्या असत, आणि त्या मुख्यतः क्वेकर, मेनोनाइट व ब्रदरेन या शांततावादी ख्रिस्ती पंथांच्या देखरेखीखाली चालत. अशा एका छावणीत राहिल्यानंतर हिल यांनी वॉशिंग्टन येथे नभोवाणीवर वृत्तनिवेदकाचे काम केले. माणसे एकमेकांचे ऐकून घेत नाहीत म्हणून युद्धे होतात, आणि ऐकून घेण्याची सवय घरोघर पोहोचवायची तर नभोवाणीसारखे साधन नाही, अशी त्यांची धारणा झाली. १९४६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह पॅसिफिका फाउंडेशन ही संस्था स्थापन केली, आणि १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कली येथून तिचे केपीएफए हे केंद्र बोलू लागले.

हिल यांनी आपली भूमिका पुढे एका निबंधात मांडली. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा. व्यापारी केंद्रावरील निवेदकाला ज्या वस्तूवर स्वतःचा विश्वास नाही, तिची स्तुती मनापासून केल्यासारख्या स्वरात करावी लागते. अशा रीतीने जो रोज आपल्या वाणीशी प्रतारणा करतो, त्याच्याकडून सत्याची अपेक्षा कशी करावी? म्हणून जो बोलतो त्यानेच आपल्या शब्दाची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि त्यासाठी त्याचा पगार थेट ऐकणाऱ्याकडून आला पाहिजे. वर्गणी ठरली वर्षाला दहा डॉलर. ती सक्तीची नव्हती. न देणाऱ्याचा रेडिओ कोणी बंद करणार नव्हते, आणि करता येणारही नव्हता. केंद्राच्या टापूतील श्रोत्यांपैकी शेकडा दोघांनी जरी स्वेच्छेने ही रक्कम दिली, तरी केंद्र चालेल असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे उरलेले अठ्ठ्याण्णव फुकट ऐकणार, हे गृहीत धरूनच ही योजना आखलेली होती. फुकट ऐकणाऱ्यांविषयी तिच्यात तक्रारीचा सूर नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मौनाचे नऊ महिने

हिशेब कागदावर सुंदर होता. प्रत्यक्षात अडचणी उभ्या राहिल्या. केंद्र एफएम लहरींवर होते, आणि त्या काळी एफएम ऐकू येणारे संच फारच थोड्या घरांत होते. म्हणजे आधी लोकांना नवा संच घ्यायला लावायचा आणि मग वर्गणी मागायची! १९५० च्या ऑगस्टमध्ये पैसा संपला आणि केंद्र बंद पडले.

मुंबईच्या कंपनीची कथा अशाच ठिकाणी संपली होती. बर्कलीत मात्र निराळे घडले. केंद्र मुके झाल्यावर श्रोते सभा भरवून एकत्र आले. त्यांनी निधी जमवला, नवे वर्गणीदार मिळवले. सुमारे नऊ महिन्यांनी, १९५१ मध्ये, केंद्र अधिक शक्तिशाली प्रक्षेपकासह पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशनच्या प्रौढशिक्षण निधीतून दीड लाख डॉलरचे अनुदान मिळाले. या अनुदानाने केंद्राला श्वास घ्यायला अवधी मिळाला, हे खरे. पण अनुदान येण्याआधी माणसे आली होती, हेही तितकेच खरे.

दहा रुपयांचा परवाना घेणारा मुंबईचा श्रोता कायद्याने बांधलेला होता. कंपनी बुडाली तेव्हा त्याचे काहीच बुडाले नाही. दहा डॉलर देणाऱ्याला कोणी बांधले नव्हते. म्हणूनच केंद्र बंद पडले तेव्हा आपलेच काही हरवले, असे त्याला वाटले.

ऐकवले काय?

वर्गणीदारांना केंद्राकडून 'फोलिओ' नावाची कार्यक्रमपत्रिका घरपोच येई. तिच्यात अभिजात संगीत, नाटके, काव्यवाचन, मुलांचे कार्यक्रम, चर्चा आणि भाष्ये यांची वर्दी असे. ॲलन वॉट्स यांनी येथूनच पौर्वात्य तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली आणि वेदान्त व झेन हे शब्द कॅलिफोर्नियातील घरांत पोहोचवले. पुढे चित्रपटसमीक्षक म्हणून विख्यात झालेल्या पॉलिन केल येथे मानधनाविना बोलत. सोव्हिएत नियतकालिकांचा परिचय करून देणारे विल्यम मँडेल आणि पुढे रेगन यांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झालेले रिपब्लिकन पक्षाचे कॅस्पर वाइनबर्गर, हे दोघेही या केंद्राचे भाष्यकार होते. आज एका ध्वनिक्षेपकासमोर असे दोन टोकांचे लोक बसवण्याची कल्पनाही कठीण वाटते.

शीतयुद्धाच्या काळात ही मोकळीक अनेकांच्या डोळ्यांवर आली. १९६३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने पॅसिफिकाच्या लोकांना चौकशीला बोलावले. प्रसारण आयोगानेही केंद्रांच्या परवान्यांचे नूतनीकरण रोखून धरले. अखेर १९६४ च्या जानेवारीत आयोगाने परवाने दिले. काही श्रोत्यांना न रुचणारे कार्यक्रम ऐकवण्याचा अधिकार नाकारला, तर केवळ सपक आणि निरुपद्रवी तेवढेच शिल्लक राहील, असा त्या निर्णयाचा आशय होता. जाहिरातदारावर अवलंबून असलेले केंद्र एवढा काळ तग धरू शकले असते काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

केंद्र हवेतच राहिले नाही, जमिनीवरही उतरले. निधिसंकलनाच्या दिवसांत श्रोतेच स्वयंसेवक होऊन दूरध्वनीवर बसत आणि इतर श्रोत्यांच्या देणग्या लिहून घेत. बर्कलीतील चर्चमध्ये आणि शाळांच्या सभागृहांत केंद्राच्या मदतीसाठी लेखकांची व्याख्याने होत. वर्षअखेरीस हस्तकलेचा मेळा भरे. एरवी केवळ आवाजाने ओळखणारी माणसे तेथे एकमेकांना तोंडाने ओळखू लागत.

मालक कोण?

हिल यांना हे वैभव पाहायला मिळाले नाही. दीर्घ दुखणे आणि संस्थेतील कलह यांनी खचून त्यांनी १९५७ च्या ऑगस्टमध्ये स्वतःचे जीवन संपवले. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. संवादाने शांती आणू पाहणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या संस्थेत संवाद तुटावा, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट होय.

कलहाचे ते बीज पुढेही उगवत राहिले. पॅसिफिकाची केंद्रे पाच झाली आणि सत्ता मध्यवर्ती मंडळाकडे एकवटत गेली. १९९९ मध्ये या मंडळाने केपीएफएच्या लोकप्रिय व्यवस्थापिकेचा करार वाढवला नाही. जुलैमध्ये कर्मचाऱ्यांना बाहेर काढून केंद्राला टाळे ठोकले. ज्या इमारतीला हे टाळे लागले, तीही श्रोत्यांच्या देणग्यांतून उभी राहिली होती. ३१ जुलै रोजी सुमारे दहा हजार लोक बर्कलीच्या रस्त्यांवर उतरले. इतकी माणसे केवळ एका नभोवाणी केंद्रासाठी रस्त्यावर यावीत, हे दृश्य विरळाच! ऑगस्टच्या आरंभी टाळे उघडले. न्यायालयीन लढ्यानंतर २००१ मध्ये तडजोड झाली, आणि नव्या घटनेनुसार वर्गणीदारांना स्थानिक मंडळे निवडून देण्याचा अधिकार मिळाला.

येथे गोष्ट संपवली तर ती सुखान्त होईल. पण इतिहासलेखकाने तसे करू नये. निवडणुका आल्या तसे गटही आले. पॅसिफिकावर कर्ज वाढले. ज्यांनी टाळे उघडण्यासाठी खांद्याला खांदा लावला, तेच पुढे मंडळाच्या बैठकांत एकमेकांशी भांडले. मालकी मिळवण्यापेक्षा ती निभावणे अवघड, हा धडा प्रत्येक सार्वजनिक संस्थेच्या वाट्याला येतो.

सरकारचा हात

बर्कलीच्या प्रयोगाकडे पाहून अमेरिकेत इतरत्रही श्रोत्यांच्या आधाराची केंद्रे निघाली. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारण कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातून सार्वजनिक प्रसारण महामंडळ निर्माण झाले आणि देशभरच्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. जवळजवळ सहा दशके ही व्यवस्था चालली. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि पुढच्याच महिन्यात महामंडळाने आपले काम आटोपते घेत असल्याचे जाहीर केले. सर्वांत मोठा घाव बसला तो ग्रामीण भागातील लहान केंद्रांना. कारण त्यांच्या अंदाजपत्रकात सरकारी वाटा मोठा होता. १९४९ चा जुना प्रश्न अशा रीतीने पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे.

आपल्या दाराशीही तो आहे. १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना समुदाय रेडिओ चालवण्याची मुभा दिली, आणि २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. दुष्काळी माणदेशातील बायाबापड्यांना आपल्याच बोलीत, आपल्याच शेजारणीचा आवाज रेडिओवर ऐकायला मिळाला. अशी केंद्रे आज देशात शेकड्यांनी आहेत. पण बहुतेकांचा खर्च संस्था, अनुदान किंवा जाहिरात यांतून भागतो. ऐकणाऱ्याने स्वखुशीने वर्गणी द्यावी, ही रीत आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

जी वस्तू न देताही मिळते, तिच्यासाठी कोणी का द्यावे? बर्कलीच्या श्रोत्यांनी दिलेले उत्तर असे आहे: शेजाऱ्यालाही ती मिळत राहावी म्हणून. शेकडा दोघे देतात आणि शंभर ऐकतात. त्या दोघांना अधिक काही ऐकू येत नाही. केंद्र मुके झाले, तर सभा बोलवायला प्रथम कोणी उठायचे, एवढेच त्यांना ठाऊक असते. आपल्या वाचनालयाचे, शाळेचे, पतपेढीचे असे 'दोघे' कोण आहेत, याची गणती प्रत्येक गावाने एकदा करून पाहावी.