दिनविशेष : ७ जुलै
१९६२ : जुन्नरच्या डोंगरावर अलितालियाचे विमान कोसळले

सिडनीहून रोमकडे निघालेले इटलीच्या अलितालिया कंपनीचे डीसी-८ जेट आजच्या दिवशी, मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी, जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळले. बँकॉकहून ते मुंबईत उतरायला येत होते. विमानातले सर्व ९४ जण ठार झाले.

यंत्रात बिघाड नव्हता. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो, असा वैमानिकाचा समज झाला. प्रत्यक्षात विमानतळ अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होता. त्या समजुतीवर त्याने विमान खाली घेतले, आणि साधारण ३६०० फूट उंचीचा डोंगर आडवा आला. उपलब्ध दिशादर्शक साधनांचा वापर न करणे, किमान सुरक्षित उंची न पाळणे आणि या मुलखाची अपुरी ओळख, ही कारणे चौकशीत नोंदली गेली. पूर्वेकडून मुंबईत येणाऱ्याला सह्याद्री ओलांडावाच लागतो. नकाशावर हे दिसते, आषाढातल्या ढगांत दिसत नाही.

१९७४ मध्ये असेच व्हर्जिनियातल्या डोंगरावर टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे विमान आदळल्यावर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे केले. एका इंजिनाची छोटी खासगी विमाने या सक्तीबाहेरच राहिली, आणि रात्रीच्या डोंगरी उड्डाणात खरा धोका त्यांनाच. काशीदच्या किनाऱ्यावर अवसेच्या रात्री उभे राहून फणसाडच्या डोंगराकडे पाहा : डोंगर कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होते, सांगता येत नाही. वैमानिकाला तर ते वेगात असताना ठरवायचे असते.