तुपाची शाई आणि पाडव्याचे गिऱ्हाईक

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगायला बसले की गाडी ठरलेल्या वाटेने जाते. बंगालमधल्या श्रीरामपुरात मिशनरी कॅरीने १८०५ साली मराठी व्याकरण छापले, अमेरिकन मिशनने १८१७ पासून मुंबईत मराठी मजकूर छापायला घेतला, पुढे सरकारी शाळाखात्याची क्रमिक पुस्तके आली. यात खोटे काही नाही. पण या छापखान्यांना पोट भरण्यासाठी गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. मिशनला वर्गणी समुद्रापलीकडून येई, शाळाखात्यामागे सरकारी तिजोरी होती. इथल्या एखाद्या कारागिराने स्वतःच्या हिमतीवर छापखाना घालावा आणि तो वर्षानुवर्षे चालावा, हे कशामुळे शक्य झाले हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला पंचांगात दिसते. ज्या धर्मश्रद्धेला आपण छपाईच्या वाटेतली धोंड समजतो, तीच या धंद्याचे पहिले भांडवल ठरली.

गणपत कृष्णाजी हा मुंबईतला भंडारी समाजातला माणूस. अमेरिकन मिशनचे शिळाछापाचे काम पाहून त्याला त्या विद्येचा नाद लागला. त्याने स्वतःच्या हाताने लाकडी यंत्र बनवले, दगडाचे तुकडे मिळवले, शाईही घरीच करून पाहिली. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्याच्या खटपटीची हकीकत नोंदली आहे. शिळाछापाची रीत मोठी मजेची असते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध शाईने अक्षरे उमटवायची, दगड पाण्याने ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, फक्त अक्षरांवर बसते. म्हणजे या शाईला स्निग्धपणा हवाच, आणि तो नेहमी येई चरबीतून. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत छापील कागदाला हात लावायलाही लोक बिचकत, आणि त्यांच्या दृष्टीने ते बिचकणे रास्तच होते. गणपत कृष्णाजीने चरबीच्या जागी तूप घातले. १८३१ साली, म्हणजे शके १७५३चे, मराठीतले पहिले छापील पंचांग त्याच्या छापखान्यातून बाहेर पडले.

यावर कोणी म्हणेल, की ही सरळसरळ व्यापारी क्लृप्ती. तिला श्रद्धेचे नाव कशाला? क्लृप्ती होती हे मान्य. पण ज्या माणसाला गिऱ्हाइकाच्या मनातला विटाळ थट्टेचा विषय वाटतो, त्याला ती सुचत नाही. शिवाय नुसती हौस आणि नुसता राजाश्रय असला की काय होते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. सर चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारात असताना नाना फडणविसांच्या उत्तेजनाने एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरायला शिकला. १८०० मध्ये नाना गेले. तांबट मिरजेच्या पटवर्धनांकडे गेला आणि तिथे १८०५ साली त्याने कोरलेल्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. कला होती, आश्रयदाता होता, ग्रंथ तर घरोघर पूज्य. तरीही त्यातून धंदा उभा राहिला नाही. गीतेची पोथी एकदा घरात आली की दोन पिढ्या पुरते. पंचांग पाडव्याला शिळे होते. मुंज, लग्न, एकादशी, ग्रहण, श्राद्धाची तिथी, सगळ्यांसाठी दर साल नवे लागते. शिवाय त्याचे गणित नांदगावच्या गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघवा’वरून होई, म्हणजे मजकुराची विश्वासार्हता तीनशे वर्षांची जुनी, छापणाऱ्याने ती नव्याने कमवायची नव्हती. छपाईसारख्या धंद्यात, जिथे दगड, कागद आणि मजुरी यांचा खर्च आधी आणि विक्री मागाहून, तिथे ठरल्या दिवशी हमखास येणारे गिऱ्हाईक हे सावकारापेक्षा मोठे.

जावजी दादाजी यांची कहाणी याच वाटेवरची, पुढच्या मुक्कामाची. जन्म १८३९, बेताची परिस्थिती, लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळ्यांच्या कामावर. तिथे टॉमस ग्रॅहॅमने देवनागरी खिळ्यांना बरेच सुबक वळण आणून ठेवले होते. जावजींचा ध्यास अक्षराचाच. त्यांनी आधी खिळे ओतण्याचा कारखाना काढला, राणोजी रावजी आरू या कसबी मित्राची साथ घेतली, आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना घातला. देवनागरी खिळा पाडणे म्हणजे काय काम आहे हे ज्याने जुळाऱ्याची केस पाहिली त्यालाच उमजेल: काना, मात्रा, वेलांट्या, रफार, शेकडो जोडाक्षरे, आणि सगळ्यांची शिरोरेषा एका ओळीत यायला हवी. हे दळण दळायला वर्षे लागतात, आणि वर्षे काढायला रोकड लागते. निर्णयसागरचे पंचांग आणि धर्मग्रंथ ती रोकड देत होते असे मी समजतो. कारण १८८१ साली सुरू झालेले मुलांचे ‘बालबोध’ मासिक किंवा १८८६ पासूनची संस्कृत ‘काव्यमाला’ यांवर कोणी गबर होण्यासारखे नव्हते.

समाजाने आधार दिला असे म्हणताना एक अडचण लपवून चालणार नाही. त्या समाजात वाचता येणारे थोडे, आणि तेही बहुतेक वरच्या जातींतले पुरुष. हाताने पंचांगे लिहून देणाऱ्यांचे उत्पन्न छापील प्रतीने बुडवले, त्यांना कोणी भरपाई दिली नाही. तेव्हा हा आधार म्हणजे सर्वांनी मिळून केलेला कौतुकसोहळा मुळीच नव्हता. पण दुसरी बाजूही पाहावी. ज्या घरांत भंडाऱ्याच्या हातचे पाणी चालले नसते, त्या घरांच्या देव्हाऱ्यापाशी त्याच्या छापखान्यातले पंचांग ठेवले गेले. पुस्तकांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या छापण्याची त्या काळची रीत प्रसिद्ध आहे, आणि अभ्यासक त्या याद्या मन लावून चाळतात. पंचांगाच्या गिऱ्हाइकांची अशी यादी कुठेच नाही, आणि तेच खरे आश्रयदाते होते.

या पुराव्याची पंचाईत अशी, की वर्ष संपले की पंचांग टाकून देतात किंवा नदीत सोडतात. म्हणून ज्या वस्तूने छापखाने जगवले तिच्याच प्रती दुर्मीळ. कोणाच्या माळ्यावर जुन्या पोथ्यांच्या गठ्ठ्यात आजोबा-पणजोबांच्या काळचे एखादे पंचांग निघाले, तर कृपा करून त्याचे विसर्जन करू नये. जवळच्या ग्रंथसंग्रहालयात नेऊन द्यावे.