पाइपावरचे चुंबक क्षार थांबवते का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात नवी इमारत राहती झाली की वर्षभरात सोसायटीच्या सभेत एक विषय येतोच. पाण्यात क्षार फार आहेत, गीझर टिकत नाहीत, शॉवरची भोके बुजतात, तेव्हा टाकीच्या मुख्य पाइपावर चुंबक बसवून घ्यावे. वीज लागत नाही, मीठ लागत नाही, देखभाल नाही, एकदा बसवले की वर्षानुवर्षे बघायला नको. एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराला हाच सल्ला बॉयलर आणि कूलिंग टॉवरसाठी मिळतो, आणि वर पाइपांना गंजही लागणार नाही अशी पुस्ती जोडलेली असते. शेजारच्या इमारतीने बसवले, त्यांना फरक पडला, एवढ्या आधारावर ठराव मंजूर होतो. माझ्या मते या पट्ट्यातल्या घरासाठी किंवा कारखान्यासाठी चुंबकावर पैसा घालण्याइतका पुरावा नाही, आणि गंजाबद्दलचा दावा तर मुळातच चुकीचा आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर, नळीच्या भिंतीवर बसते. चुंबकवाद्यांचे म्हणणे असे, की वाहते पाणी चुंबकीय क्षेत्र आडवे कापून गेले की आयनांवर बल येते, स्फटिक भिंतीवर न धरता पाण्यातच तयार होतात, आणि तेही कॅल्साइटचे टणक न होता अॅरागोनाइटचे भुसभुशीत होतात. मग ती भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते. ही कल्पना कालपरवाची नाही. बॉयलरमधला थर विजेच्या आणि चुंबकत्वाच्या साहाय्याने रोखण्याचे पेटंट फॉन्स आणि कॅबेल यांनी 1890 सालीच अमेरिकेत घेतले होते. बेल्जियमच्या व्हरमायरेन यांचे पेटंट 1945चे, आणि आजची उपकरणे त्याच वंशातली. सोव्हिएत रशियात ती उष्णतेच्या संयंत्रांवर मोठ्या प्रमाणात वापरली गेली. शिवाय 2000 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कोई आणि कॅस यांना चुंबकातून गेलेल्या पाण्याच्या साक्यात अॅरागोनाइटचे प्रमाण वाढलेले दिसले. तेव्हा चुंबकाचा पाण्यावर कधीच, कुठेच परिणाम होत नाही, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे पुराव्याला सोडून होईल.

पण प्रयोगशाळेतल्या साक्यात एका स्फटिकाचे प्रमाण बदलणे वेगळे आणि गीझरच्या कॉइलवर थर न धरणे वेगळे. ग्राहक पैसे मोजतो ते दुसऱ्या गोष्टीसाठी. ती तपासणारे प्रयोगही झाले आहेत. 1985 साली इस्राएलच्या टेक्निऑन संस्थेतल्या हॅसन आणि ब्रॅमसन यांनी जड पाणी चुंबकातून नेऊन थर किती वेगाने साठतो आणि किती घट्ट धरतो हे दोन्ही मोजले. दोहोंतही फरक आढळला नाही. 2001 साली अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेने रॉक आयलंड शस्त्रागारात घेतलेल्या, एका चुंबकी आणि दोन इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणीचा अहवाल दिला. उपकरण लावलेल्या उष्णता-विनिमयकांशेजारी उपकरण नसलेला एक ठेवला होता. उपकरण लावलेल्यांचा स्पष्ट फायदा दिसला नाही. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या बेकर आणि जड यांनी 1996 साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात परस्परविरोधी निष्कर्षांचा ढीगच निघाला, आणि काही ठिकाणी दिसलेला परिणाम चुंबकाचा की उपकरणाच्या धातूतून पाण्यात सुटलेल्या लोहाचा, अशी रास्त शंकाही पुढे आली. लोहाचा अल्पसा अंश कॅल्साइटची वाढ रोखतो हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. तसे असेल तर श्रेय चुंबकाचे नाही, झिजणाऱ्या लोखंडाचे आहे.

आयनांवर बल येते म्हणजे किती येते, हा हिशेब विक्रेता कधी मांडत नाही. तो कागदावर करता येतो. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहते आहे आणि क्षेत्र 0.1 टेस्ला आहे असे धरू. पाइपावर बांधायच्या चुंबकासाठी ही उदार धारणा आहे. मग आयनाला जाणवणारे विद्युतक्षेत्र होते मीटरला 0.1 व्होल्ट. आयन आणि त्याच्या शेजाऱ्यातले अंतर नॅनोमीटरच्या घरातले, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तेवढ्या अंतरात पडणारा फरक व्होल्टचा एक हजार कोटीवा भाग भरतो. उलट खोलीच्या तापमानाला आयनाची जी नुसती उष्णतेची धडपड चालू असते तिची मोजदाद 0.025 व्होल्टच्या आसपास होते. चुंबकाचा धक्का त्या धडपडीच्या पंचवीस कोटीव्या भागाएवढा. यावरून परिणाम अशक्य ठरत नाही, कारण स्फटिकाच्या पृष्ठभागावर काही नाजूक यंत्रणा असू शकतात आणि त्यांचा शोध चालूही आहे. पण ‘आयन बाजूला ढकलले जातात’ हे माहितीपत्रकातले चित्र मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता पाइपाकडे पाहू. उल्हासनगरच्या जुन्या इमारतींत जीआय पाइप आहेत. लोखंड चुंबकाला खेचते, आणि पाइपाला बाहेरून चुंबक बांधले की क्षेत्राचा मोठा वाटा लोखंडी भिंतीतूनच वळून परत जातो. आतल्या पाण्याच्या वाट्याला फार थोडे उरते. चुंबक पाइपाला घट्ट चिकटले म्हणजे ते जोरात काम करते असे बघणाऱ्याला वाटते, पण ती घट्ट पकडच क्षेत्र भिंतीत अडकल्याची खूण आहे. बदलापूरच्या नव्या संकुलांत यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसीचे पाइप असतात. त्यांतून क्षेत्र आरपार जाते, हे खरे. पण त्या पाइपांना गंज लागतच नाही. म्हणजे गंजापासून संरक्षणाचे आश्वासन जिथे पोहोचू शकते तिथे त्याची गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे ते पोहोचत नाही.

गंजाचे शास्त्रच वेगळे आहे. लोखंड गंजते ते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूमुळे, कमी सामूमुळे, क्लोराइडमुळे, दोन धातू एकत्र जोडल्यामुळे. बर्कलीच्या लँगेलियर यांनी 1936 साली जो निर्देशांक मांडला त्यातून एक गोष्ट प्रत्येक पाणीपुरवठा अभियंता शिकतो: थर धरू पाहणारे पाणी आणि थर विरघळवून धातूला उघडे पाडणारे पाणी ही एकाच मापाची दोन टोके आहेत. पाइपाच्या आत बसलेला कार्बोनेटचा पातळ थर लोखंडाचे रक्षण करतो. तो बसूच द्यायचा नाही आणि गंजही लागू द्यायचा नाही, ही दोन्ही कामे एकाच निष्क्रिय तुकड्याने करण्याची यंत्रणा कोणी सांगितलेली नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक फॉस्फेट घालायचे टाळले. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले आणि मुलांच्या रक्तापर्यंत गेले. गंज थांबवणे हे पाण्याच्या रसायनाचे काम आहे, आणि ते टाळल्याची किंमत माणसे मोजतात.

मुळात आपले पाणी जड आहे का, हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही. उल्हास नदी सह्याद्रीच्या पावसावर पोसलेली आहे. मावळातल्या आंद्रा धरणाचे पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून उतरून तिला मिळते, म्हणून उन्हाळ्यातही ती वाहती राहते. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून उचललेले पाणी जीवन प्राधिकरण बदलापूर-अंबरनाथला देते. बारवी धरणातून सोडलेले पाणी जांभूळला उचलून एमआयडीसी उल्हासनगरसह सगळ्या पट्ट्याला पुरवते. बेसाल्टच्या डोंगरावरून वाहून आलेले हे पावसाचे पाणी, चुनखडीच्या प्रदेशातल्या पाण्यासारखे जड नसते. भारतीय मानक 10500 पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 200 मिलिग्रॅम जडपणा स्वीकारार्ह धरते आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत देते. नळाच्या पाण्याने गीझर बुजत असेल तर आश्चर्य करावे. बुजतो तो बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने. पुरवठा अपुरा पडतो, टाकीत बोअरचे पाणी मिसळते, आणि खडकात महिनोन्महिने मुरलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बेसाल्टमधून सुटलेली सिलिकाही असते.

शेजारच्या इमारतीला फरक कसा पडला, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. मे महिन्यात टँकरची रांग लागलेली असताना चुंबक बसवले, आणि ऑगस्टमध्ये शॉवर उघडून पाहिला. मधल्या काळात पाऊस झाला, बोअर भरला, नळाला पाणी वाढले, टँकर बंद झाले. पाणीच बदलले. किंवा चुंबक बसवताना प्लंबरने टाकी धुतली, गीझर उघडून कॉइल साफ केली. त्यानंतर काही महिने सगळे चांगले चालणारच.

थर कशाचा आहे हे घरीही बऱ्यापैकी कळते. जुनी कॉइल बाहेर काढली की तिच्यावरचा पांढरा खपला सोलून व्हिनेगरमध्ये टाकावा. बुडबुडे आले तर कार्बोनेट. तपकिरी आणि न फसफसणारा असेल तर तो गंज, त्याचा जडपणाशी संबंध नाही. काचेसारखा कडक आणि आम्लालाही दाद न देणारा असेल तर सिलिकाचा संशय धरावा. अॅरागोनाइटचा सगळा युक्तिवाद कार्बोनेटपुरता आहे, सिलिकाला तो लागूही पडत नाही. आमच्याकडच्या कारखान्यांनी हे खास लक्षात घ्यावे. दारात येणाऱ्या माणसाच्या हातातला टीडीएस मीटर यातले काहीच सांगत नाही. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज दाखवतो, त्यात साधे मीठही आले. जडपणा मोजायला ईडीटीएची चाचणी लागते, आणि ती पाण्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत स्वस्तात होते.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. मिठावर चालणारा, जडपणा काढणारा सॉफ्टनर धुतला की खारट पाणी गटारात जाते, रसायने घातली की ती वालधुनी नदीत जातात. या नदीचे आपण काय करून ठेवले ते अंबरनाथ-उल्हासनगरच्या माणसाने रोज नाक दाबून पाहिले आहे. वनशक्ती संस्थेला उल्हास आणि वालधुनीसाठी हरित लवादाकडे जावे लागले. अशा ठिकाणी रसायन टाळणारा उपाय हवासा वाटणे हे जागरूकपणाचे लक्षण आहे. पण चुंबकाने थर थांबला नाही तर पुढे काय होते? बॉयलरच्या नळ्यांत तो साचतो. पोलादाच्या मानाने कार्बोनेटमधून उष्णता सुमारे वीसपट कमी वेगाने जाते, म्हणून जास्त इंधन जळते आणि नळीचा धातू मर्यादेपलीकडे तापतो. अशी नळी फुटते तेव्हा समोर कामगार उभा असतो. शेवटी थर काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले जाते आणि तेही वालधुनीलाच मिळते. त्यापेक्षा जडपणा मोजून, सॉफ्टनरमधल्या रेझिनची जडपणा धरण्याची क्षमता खरोखर संपल्यावरच तो धुतला, घड्याळ लावून नाही, तर मीठ कमी लागते. बॉयलरच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10392 आहे. त्यातल्या मर्यादा पाळून ब्लोडाऊन केले, म्हणजे बॉयलरमधले क्षार साचलेले पाणी वेळोवेळी सोडले, तर रसायनही मोजके पुरते. घरासाठी तर बोअरचे पाणी फ्लश आणि बागेकडे वळवून गीझरला फक्त नळाचे पाणी द्यावे. नव्या इमारतीत अनेकदा दोन वेगळ्या टाक्या असतात.

तरीही ज्या सोसायटीला चुंबक घ्यायचेच आहे तिने विक्रेत्यासमोर एक अट ठेवावी. एकाच टाकीवरचे, एकाच कंपनीचे दोन गीझर निवडायचे. दोन्ही नव्या कॉइली कोरड्या करून वजन करून बसवायच्या, चुंबक एकाच्याच पाइपावर. तीन महिन्यांनी काढून, वाळवून पुन्हा वजन करायचे. मग नव्या कॉइली घालून चुंबक दुसऱ्या पाइपावर न्यायचे आणि आणखी तीन महिने थांबायचे, म्हणजे गीझरचा किंवा वापराचा फरक असेल तर तो उघड होईल. बोअरचे पाणी चालू असेल तेवढ्याच काळात हे करायचे, पावसात नाही. वजने सभासदांपुढे घ्यायची आणि वहीत लिहायची. पैसे त्यानंतर.