पाचही स्वर सांभाळणारे इंग्रजी शब्द

इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरांपैकी ए, ई, आय, ओ आणि यू ही पाच अक्षरे स्वर मानली जातात. हे पाचही स्वर एकाच शब्दात, प्रत्येकी एकदाच आणि तेही वर्णमालेतील क्रमाने यावेत, असा योग फार थोड्या शब्दांना लाभला आहे. त्यांतील सर्वांत परिचित शब्द म्हणजे 'फसीशस'. त्याचे स्पेलिंग एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. अर्थ, गंभीर प्रसंगी अस्थानी विनोद करणारा. विनोद वा चातुर्य या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला.

मराठी वाचकाला ही गंमत कानाने कधीच कळणार नाही. 'फसीशस' असे देवनागरीत लिहिले की तीनच स्वर ऐकू येतात. 'आय' हे अक्षर तर 'श'च्या उच्चारात विरघळून गेले आहे. इंग्रजीतील सुमारे २० स्वरध्वनींचा भार या पाच अक्षरांवर पडला असल्याने लेखन आणि उच्चार यांची फारकत अटळच होती. जसे बोलावे तसे लिहावे, या सवयीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्याला स्पेलिंग म्हणजे निव्वळ घोकंपट्टी वाटते ती यामुळेच. वस्तुतः या लांबलचक शब्दांना ठरावीक सांधे असतात आणि ते दिसू लागले की पाठांतराचा बराच भार हलका होतो.

क्रमवार स्वरांचा दुसरा शब्द 'ॲब्स्टीमियस'. खाण्यापिण्यात संयम पाळणारा, मिताहारी, असा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये 'ॲब्स' म्हणजे दूर आणि 'टेमेटम' म्हणजे मद्य. तेव्हा मूळचा हा माणूस मद्यापासून चार हात लांब राहणारा. तिसरा शब्द 'आर्सेनियस', म्हणजे आर्सेनिकयुक्त. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात, त्या विषाच्या कुळातला. पहिल्या दोन शब्दांना 'एल-वाय' हा क्रियाविशेषणाचा प्रत्यय जोडला, की अर्धस्वर मानला जाणारा 'वाय'सुद्धा रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो.

या तिन्ही शब्दांच्या शेपटाकडे पाहावे. 'आय-ओ-यू-एस' हा लॅटिन वंशाचा प्रत्यय तीन स्वर आयतेच आणून देतो. उरलेल्या दोघांनीच काय ती शिस्त पाळायची असते. ती थोडक्यात हुकलेले शब्द कितीतरी आहेत आणि अर्थाच्या दृष्टीने तेच अधिक रसाळ आहेत. 'ग्रेगेरियस' म्हणजे समूहप्रिय; मुळात 'कळपातला'. 'नेफेरियस' म्हणजे दुष्ट. मुळात ईश्वरी नियमाच्या विरुद्ध, आपल्या भाषेत 'अधर्म्य'. 'प्रिकेरियस' म्हणजे बेभरवशाचे. हा लॅटिनमधील 'याचना करून मिळवलेले' या अर्थाच्या शब्दाचा वंशज आहे. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेल्या वस्तूचा काय भरवसा! चौथा 'टेनेशस', म्हणजे धरलेले न सोडणारा, चिवट. चौघांतही 'ई' आधी व 'ए' नंतर येतो, एवढाच काय तो दोष.

उलट्या क्रमाचे शब्दही आहेत. आपल्या भारतीय उपखंडाचे विशेषण 'सबकॉन्टिनेन्टल' हा त्यांपैकी एक. त्याच्या १४ अक्षरांत यू, ओ, आय, ई, ए असे स्वर शेवटून पहिल्याकडे येतात. यातील 'कॉन्टिनेन्ट' हा शब्द आणि वरचा 'टेनेशस' हे दोन्ही 'धरणे' या एकाच लॅटिन धातूचे. खंड म्हणजे एकसंध धरून राहिलेली भूमी. दुसरा शब्द १५ अक्षरांचा, 'अनकॉम्प्लिमेंटरी', म्हणजे प्रशंसापर नसलेला. इथे स्वरांचा क्रम प्रत्यक्ष उपयोगी पडतो. प्रशंसा या अर्थाच्या 'कॉम्प्लिमेंट'मध्ये 'एल'नंतर 'आय' येतो, तर पूरक या अर्थाच्या शब्दात 'ई'. भलेभले इथे गफलत करतात. उलटा क्रम लक्षात असला, की प्रशंसेच्या शब्दात 'आय'च हवा, हे चटकन आठवते.

क्रमाचा आग्रह सोडला, तर शालेय पुस्तकांतच असे शब्द सापडतात. 'एज्युकेशन' तर आहेच. गणितातील 'इक्वेशन' म्हणजे समीकरण, 'मेन्शुरेशन' म्हणजे महत्त्वमापन आणि 'पर्म्युटेशन' म्हणजे क्रमचय. चारही शब्दांत स्वर ई, यू, ए, आय, ओ याच क्रमाने येतात, कारण 'ए-टी-आय-ओ-एन' हे शेपूट सर्वांना समान आहे. पाच वस्तूंची मांडणी १२० प्रकारे करता येते, हे शिकवणाऱ्या 'पर्म्युटेशन'नेच पाचही स्वर बाळगावेत, हा योगायोग मोठा मजेदार.

अमेरिकेतील राष्ट्रीय 'स्पेलिंग बी' स्पर्धेत स्पर्धकाला शब्दाचा अर्थ आणि त्याची मूळ भाषा विचारण्याची मुभा असते. १९८५ साली बालू नटराजन हे ती जिंकणारे भारतीय वंशाचे पहिले स्पर्धक ठरले आणि पुढे या समाजातील मुलांनी तिथे विजयांची रांगच लावली. ही मुले शब्द पाठ करतात हे खरेच. पण लॅटिन, ग्रीक, फ्रेंच मुळांचा अभ्यासही तितक्याच नेटाने करतात.

'कॉलिफ्लॉवर'मध्येही पाचही स्वर आहेत. त्यातील 'कॉली' हा भाग दांडा वा कोबी या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जुळलेला आहे. आपल्या भाजीबाजाराने तो केव्हाच मोडून टाकला आणि 'फ्लॉवर' तेवढा ठेवला. दांड्यासोबत तीन स्वरही गेले. 'बिहेविअर' (वर्तन) आणि 'फेव्हरिट' (आवडता) यांचे पाच स्वर मात्र ब्रिटिश स्पेलिंगमध्येच पूर्ण होतात. नोआ वेबस्टर यांनी १८२८च्या आपल्या कोशात अशा शब्दांतील 'यू' वगळला आणि अमेरिकेत तीच पद्धत रूढ झाली. आपल्या शाळांत ब्रिटिश रूप शिकवले जाते. तेव्हा ते लिहिताना संगणकावर खाली लाल रेघ उमटली, तर 'यू' खोडण्यापूर्वी भाषेच्या पर्यायात अमेरिकन इंग्रजी निवडलेले नाही ना, हे आधी पाहावे.