विधी शिक्षणातील मूल्यमापन : पहिले वर्ष

कायद्याच्या पदवीला नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला विषयाची गोडी लागावी, अशा बेताने केलेली परीक्षा, लेखी काम आणि गुणदानाची आखणी. नागपुरात लॉ कॉलेज चौकातले, १९२५ सालचे विद्यापीठाचे विधी महाविद्यालय (आजचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय) आणि वारंग्याचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी ही आखणी लागू पडते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा प्रवेश ‘क्लॅट’ या प्रवेश परीक्षेवर ठरतो : १२० प्रश्न, चारांतला एक पर्याय, उत्तर चुकले की पाव गुण वजा. वर्गात बसल्यावर मात्र त्याच विद्यार्थ्याने दोन्ही बाजू लिहून मांडायच्या असतात, आणि तिथे एकच बरोबर उत्तर सहसा नसते. ही उडी सत्र संपताना एका पेपरात घ्यायला लावली, की मुले तयार नोट्सकडे वळतात. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत जिवंत कसोट्या आहेत. मूट कोर्टला ३० गुण : तीन दावे, प्रत्येकी ५ गुण लेखी मांडणीला, ५ तोंडी युक्तिवादाला. खटल्यांचे निरीक्षणही गुणांत धरले जाते, पण ते शेवटच्या दोन-तीन वर्षांत. पहिल्या वर्षाच्या वाट्याला प्रामुख्याने पेपर आणि ७० टक्के हजेरीची अट उरते. हजेरीने विद्यार्थी बाकावर येतो, एवढेच.

अमेरिकेत संशोधक केनन शेल्डन आणि लॉरेन्स क्रीगर यांना २००४ च्या अभ्यासात पहिल्याच वर्षी कायद्याच्या विद्यार्थ्यांची आंतरिक ओढ ओसरताना दिसली. २००७ च्या अभ्यासात, जिथे शिक्षक निवडीला वाव देतात असे विद्यार्थ्यांना वाटले, तिथे त्यांचे गुणही चांगले होते.

निवडीला वाव देणाऱ्या कामासाठी नागपूरला सामग्री दूर शोधावी लागत नाही. ‘नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव’ (१९७३) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली यावरून भरपाई कमी-जास्त ठरणे हा अनुच्छेद १४ चा भंग आहे. दुसऱ्याच महिन्यात मुलांनी प्रन्यास किंवा जमीनमालक यांपैकी आपली बाजू निवडावी आणि दोन पानी टिपण लिहावे. पहिल्या खर्ड्याला गुण नकोत, फक्त शेरे; गुण सुधारलेल्या प्रतीला. अडचण तपासणीची आहे. नियमाने एका तुकडीत ६० विद्यार्थी असू शकतात, आणि शेरे महिन्याने मिळाले तर ते कोणी वाचत नाही. म्हणून पहिली तपासणी मुलांनीच ठरलेल्या निकषांवर एकमेकांची करावी : मुद्दा ओळखला का, नियम नेमका दिला का, तो तथ्यांना लावला का. शिक्षकाने वर्गात समान चुका सांगाव्यात आणि अंतिम प्रत स्वतः तपासावी.