हृदय कोणाच्या हुकुमाने चालते?

द्वितीय वर्षाच्या वर्गात रूपक शिकवत असताना आम्ही नेहमीप्रमाणे फळ्यावर 'हृदय' आणि 'बुद्धी' ही जोडी लिहिली होती. एका विद्यार्थिनीने विचारले, "पण हृदयालाही शेवटी मेंदूच चालवतो ना? मग ही दोन वेगळी कशी?" वर्ग हसला. 'ते विज्ञानातले सत्य, आपण काव्यातले पाहत आहोत,' असे सांगून आम्ही तास पुढे नेला. उत्तर सोयीचे होते. पुढे शरीरक्रियाशास्त्राचा इतिहास चाळताना ध्यानात आले की ते चुकीचेही होते. त्या मुलीचा प्रश्न युरोपातील शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग खर्चून सोडवला होता, आणि त्या वादात रूपकाचा वाटा थोडाथोडका नव्हता.

बेडकाचे हृदय शरीरातून काढून ठेवले तरी काही काळ ठोके देत राहते, हे जुने निरीक्षण आहे. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी दाखवून दिले की मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला उद्दीपित केले तर हृदयाची गती मंदावते, ते थांबतेसुद्धा. म्हणजे मेंदूचा हात हृदयापर्यंत पोचतो खरा. पण ठोका सुरू करणारा हात त्याचा नव्हे. एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण त्याच सुमारास रोबर्ट रेमाक याला बेडकाच्या हृदयाच्या आतच चेतापेशींचे पुंजके आढळले होते. १८५२ मध्ये स्टॅनियसने शिरा जेथे हृदयाला मिळतात त्या भागाच्या खाली दोरा आवळून बांधला. वरचा भाग चालत राहिला, खालचा थबकला. ठोक्याचा उगम वरच्या भागात, आणि रेमाकचे पुंजकेही तेथेच! राजा दूरच्या राजधानीत नसला, तरी त्याचा सुभेदार किल्ल्यात बसलेला आहे, अशी ही समजूत होती. स्नायू हा शिपाई. हुकूम आल्याशिवाय तो हालचाल कशी करील?

या समजुतीला पहिला मोठा धक्का हृदयाकडून बसला नाही. तो मूत्रवाहिनीकडून बसला, ही या इतिहासातील गमतीची गोष्ट. उट्रेख्टचा टेओडोर एंगेलमान मूत्रवाहिनीतून मूत्राशयाकडे सरकणाऱ्या आकुंचनाच्या लाटांचा अभ्यास करीत होता. या नळीच्या भिंतीत अरेखित स्नायू असतात, म्हणजे आपल्या इच्छेने न चालणारे. नळीच्या मधल्या भागात चेतापेशी सापडत नव्हत्या, तरीही लाटा जात होत्या. १८६९ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला की ही लाट स्नायूतच उपजते आणि एका पेशीकडून दुसरीकडे सरकते. मग हाच प्रश्न तो हृदयाकडे घेऊन गेला. त्याने बेडकाच्या हृदयाला नागमोडी चिरा दिल्या. चेतातंतूंची सरळ वाट तुटली तरी स्नायूचा अरुंद पूल उरेपर्यंत संदेश पुढे जात राहिला. हा एंगेलमान चेलोवादकही होता, आणि ब्राम्सने आपले तिसरे तंतुवाद्य-चौकडीचे संगीत त्यालाच अर्पण केले होते. लयीचा उगम वाद्यवृंदाच्या संचालकाबाहेरही असू शकतो, हे चौकडीत वाजवणाऱ्याला कळणे सोपे गेले असेल काय, असा मोह आम्हांला होतो. पण हा मोह आमचा, पुरावा नव्हे.

पुढे केंब्रिजमध्ये वॉल्टर गॅस्केल याने १८८० च्या दशकात कासवाच्या हृदयावर हेच काम नेटाने केले. चेतापेशी नसलेली स्नायूची पट्टीही ठोके देऊ शकते, हे त्याने दाखवले. स्नायुवाद्यांचा विजय झाला असे वाटत असतानाच १९०४ मध्ये शिकागोच्या अँटन कार्लसनने लिम्युलस या समुद्री प्राण्याचे हृदय तपासले. तेथे हृदयावरची चेतापेशींची दोरी काढताच हृदय थांबले. म्हणजे चेतावाद्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ते दुसऱ्या प्राण्याच्या बाबतीत खरे होते. एका कवीवरून काढलेला सिद्धान्त सगळ्या कवितेला लावणाऱ्या आम्हां समीक्षकांना हा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा वाटतो.

मग आपल्या हृदयात ठोका कोठे उपजतो? १९०६ च्या उन्हाळ्यात केंट परगण्यातील एका खेड्यात आर्थर कीथ हा शरीररचनाशास्त्रज्ञ पत्नीसह सायकलवरून फिरून घरी आला, तेव्हा मार्टिन फ्लॅक या त्याच्या तरुण विद्यार्थ्याने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली एक नवी रचना दाखवली. 'मोल' या बिळात राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयात, वरची महाशीर उजव्या कप्प्याला मिळते तेथे, वेगळ्याच पेशींची एक गाठ होती. १९०७ मध्ये दोघांनी ती प्रसिद्ध केली. ही गाठ घडलेली होती विशेष प्रकारच्या स्नायुपेशींची.

गाठ सापडली, तिचे काम सिद्ध झाले विजेमुळे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म विद्युत्प्रवाह उमटतो, हे १८५६ मध्येच कळले होते. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलरने छाती न उघडता माणसाच्या हृदयाचा असा आलेख प्रथम टिपला. लायडनच्या विलेम आइन्टहोवेनने चांदीचा मुलामा दिलेल्या स्फटिकाच्या तंतूचे उपकरण बनवून तो स्पष्ट केला, त्याच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली, आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. आजही कार्डिओग्रामच्या कागदावर हीच अक्षरे वाचली जातात. या साधनाच्या आधारे लंडनच्या टॉमस लुईसने १९१० मध्ये दाखवले की ठोक्याची विद्युत्‌लाट कीथ-फ्लॅकच्या गाठीतच उगम पावते.

आतड्याचा प्रश्न मात्र मागे राहिला होता. तो पुढे नेला एडिथ ब्यूलब्रिंग हिने. बॉन येथे इंग्रजी भाषाशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची ही मुलगी. आई ज्यू वंशाची, म्हणून १९३३ मध्ये नात्सी राजवटीत तिची नोकरी गेली आणि ती इंग्लंडला आली. १९५५ मध्ये ऑक्सफर्ड येथे तिने गिनीपिगच्या आतड्यावरील स्नायूच्या पट्टीत काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून पेशीच्या आतली वीज मोजली. स्नायू विद्युत्‌स्पंदने स्वतःहून देत होता. ताणला की स्पंदने वाढत आणि आकुंचनही वाढे. पुढे १९९० च्या दशकात कळले की जठर आणि आतड्यांची मूळ लय काहालच्या पेशी देतात. माणसाच्या जठरात ती मिनिटाला सुमारे ३ वेळा असते, तर लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२ वेळा. स्पेनच्या काहालने या पेशी शतकभर आधी पाहिल्या होत्या, पण त्या चेतापेशीच असाव्यात असे त्याला वाटले होते.

मराठीने माया ठेवली ती नेमकी या दोन ठिकाणी. आपले काळीज पिळवटते, आतडे तुटते. आतड्याचे नाते रक्ताहून जवळचे मानले जाते. (मटणाच्या दुकानात 'कलेजी' म्हणून यकृत मिळते, तेव्हा काळजाचा पत्ता भाषेने फारसा काटेकोर ठेवलेला नाही, हे कबूल.) ही दोन्ही इंद्रिये स्वतःच्या लयीने चालतात, म्हणून 'कवींनाच आधी कळले होते' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. भावना हृदयात उपजते असे या इतिहासात कोणीच सिद्ध केलेले नाही.

त्यातून सुटतो तो हुकुमाचा प्रश्न. १९६० मध्ये डेनिस नोबल या लंडनच्या तरुण संशोधकाने हृदयपेशीच्या आवरणातून जाणाऱ्या सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रवाहांची समीकरणे संगणकावर सोडवली. समीकरणांत 'ठोका दे' असे सांगणारी स्वतंत्र संज्ञा नव्हती. प्रवाहांच्या परस्परसंबंधातून लय आपोआप उमटली. १९६७ पासून माणसांत हृदयरोपण होऊ लागले. रोपलेल्या हृदयाचे चेतातंतू तुटलेले असतात, तरी ते चालते. किंबहुना मंदावणारा व्हेगस नसल्याने विश्रांतीतही नेहमीपेक्षा जलद चालते. राजा शोधत राहिलेल्यांना शेवटी सापडली ती देवघेव. चेतातंतू गती कमीजास्त करतात. ठोका त्यांच्यावाचूनही पडतो.

त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर अजून द्यायचे आहे. मेंदू हृदयाला चालवत नाही, एवढे तिला सांगू. त्याबरोबर हेही सांगावे लागेल, की 'हृदय विरुद्ध बुद्धी' ही जोडी आम्ही वर्षानुवर्षे टिपणांत उतरवून दिली, आणि दोघांपैकी एक राजा असलाच पाहिजे हे गृहीत आमचेच होते. पुढच्या तासाला फळ्यावर ती जोडी लिहिताना मधला 'विरुद्ध' आम्ही गाळणार आहोत. त्या जागी कोणता शब्द घालावा, हे वर्गालाच विचारू.